उमापूरच्या परण्यात बी-तीन

पाटोदा, जि. बीड
दि. ६ मे २०२५

ती. दाजी,

पाटोद्याहून सोमनाथचा वाकून नमस्कार. गुडघे हल्ली वाकू देत नाहीत, पण कागदावर वाकायला डॉक्टरांची ना नाही. तुमचं ब्लडप्रेशर गोळीच्या आटोक्यात असेल, पुण्याचं पाणी मानवलं असेल आणि अक्काची पाठ त्या सातव्या मजल्यावरच्या गादीने बरी झाली असेल, असं धरून चालतो. धरूनच चालावं लागतं, कारण तुम्ही माझा फोन उचलत नाही आणि अक्का उचलते तेव्हा 'जेवले', 'फिरून आले', 'झोपले' यापलीकडे तुमच्याबद्दल चकार शब्द काढत नाही. (मध्यंतरी मी मुद्दाम विचारलं, दाजी ट्रम्पेट बाहेर काढतात का? तर म्हणाली, आंबे पाठव.) इकडे सगळे खुशाल. मनिषा तुमची आठवण काढते, म्हणजे मी काही घोळ घातला की 'पंडितदाजी असं वागले नसते' म्हणते, त्यामुळे आठवण दिवसातून चारपाच वेळा तरी निघतेच. झेरॉक्सचं दुकान बरं चाललंय. समोर तहसील आहे तोवर त्याला मरण नाही.

हल्ली पत्र कोणी लिहीत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पोस्टात स्पीडपोस्टचा मोठा लिफाफा मागितला तर खिडकीतल्या बाई म्हणाल्या, अर्ज कुठल्या खात्याला करताय? मी म्हटलं, मेहुण्याला. त्यांनी माझ्याकडे अशा दयेने पाहिलं की मला वाटलं आता त्या पदरचं तिकीट लावतात. कागद पाठकोरे आहेत, तेवढं सांभाळून घ्या. मागे कुणाकुणाचे सातबारे काळे उमटलेत, ते वाचत बसू नका. तुम्हाला दुसऱ्याच्या जमिनीच्या भानगडीत रस घ्यायची खोड आहे आणि मग माझं पत्र बाजूला राहील.

आता मुख्य बातमी. दाजी, आपण जिंकलो! अक्षय्य तृतीयेला, भर उन्हात, उमापूरच्या मारुतीसमोर, साडेतीनशे माणसांच्या देखत, अभिमन्यूच्या ब्रास बँडने बी-तीन वाजवलं. सबंध. लोक नाचले. नुसते नाचले नाहीत, तर जसे नाचले तसं उमापुरात आजवर कोणी नाचलेलं नाही, आणि हे मी शपथेवर सांगायला तयार आहे, हवं तर शंभराच्या स्टॅम्पपेपरवर (शेजारीच मिळतो).

तुम्हाला बी-तीन म्हणजे काय हे मी सांगावं, असं नाही. पण माणूस जिंकला की त्याला सगळं पहिल्यापासून सांगायची हुक्की येते, तेव्हा ऐका. साल एकोणनव्वद. मी दहावीची परीक्षा देऊन अक्काला माहेरी न्यायला मुराळी म्हणून उमापूरला आलो होतो. तुम्ही मिलिटरी बँडातून सुट्टीवर आला होता आणि ऑफिसर लोकांच्या मेसमधून टाकून दिलेली एक कॅसेट सोबत आणली होती. अमेरिकेतला सत्तरच्या दशकातला बँड, नाव रिव्हरसाइड नाईन, खोक्यावर नऊ दाढीवाले. तुम्ही ती टेपमध्ये घातली, उलटी म्हणजे बी बाजू लावली आणि तिसरं गाणं आलं. आधी गिटार आणि ड्रमचा धिंगाणा, मी म्हटलं असेल काहीतरी इंग्रजी. आणि तेवढ्यात ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन सगळे एकदम उठले. माझ्या अंगावर काटा आला. मी म्हणालो, 'दाजी, हा तर आपल्या वरातीचाच बँड हाय, फकस्त कालेजात गेलेला.' तुम्ही हसलात आणि म्हणालात की याला जॅझ-रॉक म्हणतात आणि तुझं बोलणं काही अगदीच चूक नाही. एका दिवसासाठी आलेला मुराळी चार दिवस राहिला. इकडे आईने माझ्या नावाने नवस बोलून ठेवला होता. (तो नंतर फेडावा लागला, नारळ माझ्याच हातून फोडून घेतला.)

तेव्हापासून गेली पस्तीस-छत्तीस वर्षं आपलं एकच स्वप्न. नवरदेव घोडीवर बसून मारुतीच्या पाया पडायला निघालाय, पुढे बँड आहे आणि बँड बी-तीन वाजवतोय. बस. लोक बंगल्याची स्वप्नं बघतात, आपण परण्याचं बघितलं. तुम्ही रिटायर झाल्यावर अभिमन्यूच्या बँडला शिकवायला लागलात ते याच्यासाठीच. मी दुकानात दिवसभर कॅसेट वाजवून गिऱ्हाइकं पळवली तीही याच्यासाठीच. एक तेवढी टिकली. उत्पन्नाच्या दाखल्याची झेरॉक्स काढायला आलेली करिष्मा बी-तीन ऐकत दारात उभी राहिली आणि तिकडे तहसीलच्या रांगेतला तिचा नंबर गेला. आज ती बीडला कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवते आणि त्या नऊ दाढीवाल्यांपैकी कोण कधी सर्दीने आजारी होता इथवर तिला माहिती आहे. असं आपलं चौघांचं 'बी-तीन मंडळ, बीड जिल्हा'. तुम्ही, मी, अभिमन्यू आणि करिष्मा. गेल्या वर्षापासून तिघांचं.

तो विषय काढणारच आहे, कारण टाळला तर तुम्ही म्हणाल सोमनाथ घाबरला. गेल्या उन्हाळ्यात मी ग्रुपवर लिहिलं की बी-तीनच्या मधली ट्रम्पेटची ती जागा, जिथे बाकी सगळे थांबतात आणि अर्धं मिनिट एकटा ट्रम्पेट वर वर चढत जातो, ती एका माणसाची फुंकच नाही. दोघांची आहे, रेकॉर्डिंगच्या वेळी जोडलेली. एकट्याने वाजवणं कोणाच्या बापाला शक्य नाही. पुढे एक हसरा चेहराही टाकला. आणि तुम्ही गेली तीस वर्षं रोज सकाळी मळ्यात जाऊन तीच जागा एकट्याने वाजवायची धडपड करत होता. कधी अर्ध्यात दम तुटायचा, कधी शेवटच्या चढाला. तुम्ही उत्तर दिलं नाहीत. ग्रुपवर नुसती ओळ आली की पंडितराव बाहेर पडले. मग दिवाळीनंतर खरोखरच बाहेर पडलात आणि पोराकडे पुण्याला गेलात. मला बरं वाटलं नाही, दाजी. एवढंच इथे लिहितो.

आता लग्नाचं. सुंदरराव म्हणजे उमापूरचे, शाळेमागच्या गल्लीतले, दोन गाड्या ऊसतोडीच्या टोळीला लावणारे. त्यांच्या पोराचं लग्न अक्षय्य तृतीयेला, तेही मुलाच्या दारात. डीजे ठरवलेला होता. पण त्या दिवशी जिल्ह्यात इतकी लग्नं की डीजेवाल्याने एकाच सकाळच्या तीन सुपाऱ्या घेतल्या आणि उमापूर त्याच्या लक्षातच राहिलं नाही. सुंदरराव चार दिवस आधी अभिमन्यूकडे आले, नाइलाजाने येतात तसे. त्यांची एकच अट होती. 'पाहुणे जालन्याचे हायत, माळकरी. काहीतरी देवाधर्माचं वाजवा.' अभिमन्यूने मला फोन लावला. मी फोनवरच सुंदररावांना म्हणालो, आमच्याकडे एक तिकडचं देवाचं गाणं आहे, अमेरिकेत लई मान आहे त्याला. (हे मी का बोललो मला माहीत नाही. तोंडाला आलं. छत्तीस वर्षांनी दार उघडलं होतं आणि मी काय आत जायचं सोडून खरं बोलत बसणार होतो?) सुंदरराव म्हणाले, देव काय, कुठलाबी असंना.

तालमी अभिमन्यूच्या गोठ्यामागे झाल्या. तुम्ही बसवून दिलेलं सगळं पोरांना पाठ होतं, ट्रम्पेटला भागवत, सॅक्सोफोनला गहिनीनाथ, आणि माझं वाद्य तुम्हाला माहीत आहेच, खुळखुळा. अडला तो ढोल. तुमच्या वेळचा ढोलवाला जावयाकडे गेलाय, त्याच्या जागी सटवा आहे. मेंढरं राखणाऱ्या घरातला, हात असा की जमीन हलते. पण बी-तीन सात मात्रांचं, आणि सटवाला आठवी मात्रा वाजवल्याशिवाय चैनच पडेना. सातवर थांबलो की तो स्वतःच्या पदरची एक घालायचा, वर आम्ही चुकलो अशा नजरेने आमच्याकडे बघायचा. पहिल्या दिवशी म्हणाला, 'एक मात्रा कुटंतरी सांडली हाय बे, हुडका.' दुसऱ्या दिवशी म्हणाला, 'गाणं लंगडं हाय.' तिसऱ्या दिवशी ढोल ठेवला आणि बिडी पेटवली. करिष्मा बीडहून मुद्दाम येऊन त्याला फळ्यावर आकृत्या काढून समजावत होती. सटवा सगळं ऐकून घ्यायचा, मान हलवायचा आणि आठ वाजवायचा.

तेव्हा सटवाची बायको, बायडाबाई, त्याला भाकरी खायला बोलवायला आली होती. ती कुंपणाला टेकून दोन फेऱ्या ऐकत उभी राहिली. मग आपल्या नवऱ्याला म्हणाली, 'आवं, कावून अडताय? फडात तोडता तसं वाजवा की. बुडाला एक घाव, पाचटाला तीन, शेंड्याला एक, आन् टाकायला दोन. सात झाले का न्हाई?' दाजी, सटवाने बिडी विझवली. उजवा हात कोयता धरल्यासारखा उचलला, हवेत बुडावर घाव घातला, पाचट सोललं, शेंडा उडवला, ऊस टाकला. पुन्हा. पुन्हा. आणि मग टिपरू उचललं आणि सात वाजले, पक्के सात, आणि पुढच्या अर्ध्या तासात एकदाही आठवी मात्रा आली नाही. वीस हंगाम तो माणूस सातात राबला होता आणि आम्ही त्याला फळ्यावर शिकवत होतो. करिष्माने फळा पुसला. बायडाबाई म्हणाली, आता तरी भाकरी खाता का?

लग्नाच्या दिवशी ऊन असं की ट्रम्पेटला हात लावला तर चटका बसावा. गणवेशाचे लाल कोट, सोनेरी दोऱ्या, माझी ती तुरा असलेली टोपी. (मनिषाने फोटो काढलाय. तो कुणाला दाखवू नये म्हणून मी तिला साडी कबूल केली आहे.) परण्या निघाला साडेअकराला. आम्ही दोन नेहमीची गाणी वाजवली, लोक नेहमीसारखे नाचले. मग अभिमन्यूने मागे वळून माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली आणि सुरू केलं.

पहिला फटका घोडीने दिला. भाड्याची घोडी, नाचायला शिकवलेली, पण तिची सगळी शिकवण आठात झालेली. सातव्या मात्रेला तिने पुढचा पाय उचलला आणि तो ठेवायची मात्राच आली नाही. बिचारी तीन पायांवर उभी राहून आमच्याकडे बघत राहिली. नवरदेव एका अंगाला घसरला, त्याचा फेटा नाकावर आला. घोडीवाला ओरडला, 'आरं, जनावराला फसवता का?' नाचणारी पोरं एका ओळीत अडखळून थांबली, कारण त्यांचा डावा पाय पडायचा तिथे उजवा पडत होता. नवरदेवाचा मामा हाताची घडी घालून पुढे आला. मामाची घडी म्हणजे काय असते हे तुम्ही जाणताच. लोक आमच्याकडे असे बघत होते की मला वाटलं छत्तीस वर्षांचं स्वप्न आता इथेच, मारुतीच्या अलीकडे दोनशे पावलांवर, पुरलं जाणार. माझा खुळखुळासुद्धा हलेना. खरं सांगतो, त्या क्षणी तुम्ही असायला हवे होतात असं वाटून मला रडू येत होतं.

आणि बायडाबाई मध्ये आली. नऊवारीचा पदर खोचला, सटवाकडे बघितलं आणि ऊस तोडायला लागली. बुडाला एक, पाचटाला तीन, शेंड्याला एक, टाकायला दोन. बस, एवढंच. तिच्या शेजारी एक आली. मग तिचा नवरा. दाजी, त्या परण्यात उभी असलेली अर्धी माणसं महिन्या-दोन महिन्यांपूर्वी कारखान्यावरून परतलेली. कोणाच्याच हाताला सात शिकवायची गरज नव्हती. पायांना जे समजत नव्हतं ते हातांनी एका क्षणात ओळखलं. बघता बघता सगळी गल्ली फड झाली. आणि पुढची मौज ऐका. फडात एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, तो तोडणार, ती मोळी बांधणार. त्यामुळे इथेही तो तोडायला लागला की ती आपोआप समोर येऊन बांधायला लागली. उमापुरात, सासऱ्यांच्या देखत, दिवसाढवळ्या, जोडीने नाच! म्हाताऱ्यांना आक्षेप घ्यायचा होता, पण घेणार कोणत्या तोंडाने? सुना कामच तर करत होत्या. एक मुकादम सावलीत खुर्ची टाकून बसला होता, तो दोन मिनिटं घुटमळला आणि मग सवयीने ओरडला, 'उरका, उरका, गाडी भरायची हाय!' आणि सगळ्या गल्लीने त्याला असा हशा दिला की तो स्वतःच उठून नाचायला लागला. मुकादमाला कोयता धरता येत नाही हे त्या दिवशी जाहीर झालं.

मामाची घडी सुटली. नुसती सुटली नाही, त्याने शेंडा असा उडवला की माझी टोपी पडली. घोडीनेही हिशेब जमवला, सातवीला पाय खाली, आणि नवरदेव वरून हात हलवत सुटला. मारुतीपर्यंतची दोनशे पावलं चालायला आम्हाला पन्नास मिनिटं लागली. बी-तीन आम्ही पाच वेळा वाजवलं, कारण संपलं की लोक परत फडात उभे राहायचे. मुहूर्त बारा पस्तीसचा होता, लग्न लागलं पावणेदोनला. मधल्या वेळात नवरीकडचे चार माळकरी उशीर का होतोय हे पाहायला म्हणून आले आणि तेही मोळ्या बांधत परत गेले. सुंदररावांनी अभिमन्यूला सगळ्यांसमोर मिठी मारली. करिष्मा तर मारुतीच्या पारावर बसून रडत होती आणि रडता रडता शूटिंग करत होती, त्यामुळे चित्र थोडं हललेलं आहे, पण आवाज स्वच्छ आहे.

तुम्ही म्हणाल, ट्रम्पेटच्या त्या जागेचं काय झालं? दाजी, ती जागा अशी झाली की उमापुरात अजून तिच्याबद्दल बोलतात. लोकांनी हात जोडले. तुमच्यावाचून काही अडलं नाही, हे नम्रपणे कळवतो. तुम्ही निवांत पुण्यात राहा, सकाळी बागेत फिरा, मोबाईलवर पावलं मोजा. बँड समर्थ हातांत आहे.

अक्काला नमस्कार, तुमच्या सूनबाईंना आणि नातवाला आशीर्वाद. लिहिण्यात अधिक-उणं झालं असेल तर पोटात घाला, तुमचं पोट त्यासाठी देवाने मोठं दिलंय. मोठ्यांच्या पायांवर डोकं, बाकीच्यांच्या डोक्यावर हात, असा वाटून घ्या.

तुमचा
सोमनाथ

ता.क. वर लिहिलेलं सगळं खरं आहे, तेवढी ट्रम्पेटची जागा सोडून. ती कोणी वाजवलीच नाही. भागवत तालमीत म्हणत होता, बघून घेईन. प्रत्यक्षात ती जागा आली तेव्हा बाकी सगळे ठरल्याप्रमाणे थांबले, आणि भागवतनेही ट्रम्पेट खाली घेतला. त्याने अभिमन्यूकडे पाहिलं, अभिमन्यूने माझ्याकडे, मी खुळखुळ्याकडे. अर्धं मिनिट सगळं शांत. साडेतीनशे माणसं, कुणाचं चूं की चां नाही, फक्त घोडीच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज. मला वाटलं आता संपलो. तेवढ्यात सुंदररावांना आठवलं की हे देवाचं गाणं आहे. त्यांनी टोपी काढली आणि हात जोडले. त्यांचं पाहून सगळ्या परण्याने हात जोडले. म्हाताऱ्यांनी गालांवर चापट्या मारून घेतल्या. मग सटवाने बुडाला घाव घातला आणि आम्ही पुन्हा सुरू झालो. पाचही वेळा असंच. शपथेवर सांगेन म्हणालो होतो, तो स्टॅम्पपेपर राहू द्या.

आणखी एक. 'दोन माणसं' हे मी कुठेही वाचलं नव्हतं. तुमच्या त्या सकाळच्या फुंकेचा मला फार हेवा वाटायचा, दाजी. माझ्या हातात तुम्ही एकदा ट्रम्पेट दिला होता, त्यातून जो आवाज निघाला त्याला म्हैस ओ देत होती. त्या रागाने लिहून गेलो. गेल्या महिन्यात करिष्माने कुठून तरी जुनं चित्रीकरण शोधून काढलं. एकच माणूस आहे. डोळे मिटून उभा आहे, मानेच्या शिरा ताठ झाल्यात, आणि सबंध जागा एकटा वाजवतोय. तुम्ही ग्रुपवर नव्हता म्हणून तुम्हाला दिसलं नाही. मी ते किती वेळा पाहिलं, मोजलं नाही. चुकलो.

शेवटचं आणि घाईचं. अक्षय्य तृतीयेनंतर अभिमन्यूकडे तीन सुपाऱ्या आल्यात आणि तिघांनीही पहिलं काय विचारलं असेल? 'ते मधी गप राह्यचं हाय ना, ते पायजेच.' चार तारखेला शेजारच्या गावात एक लग्न झालं, तिथे त्या शांततेत नवरदेवाला घोडीवरून उतरवून नारळ फोडला. भटजींनी विधीच्या यादीत त्याला जागा दिली आहे, गणपतीपूजनाच्या खाली. भागवतही आता त्या वेळी ट्रम्पेट बगलेत धरून डोळे मिटतो, मोठ्या भक्तिभावाने. दाजी, अजून दोन लग्नं अशी गेली की ही रीत पडेल, आणि एकदा रीत पडली की तुम्ही काय, ते नऊ दाढीवाले स्वतः आले तरी उमापुरात त्यांना त्या जागी तोंडाला ट्रम्पेट लावू देणार नाहीत. अठराला रविवारी पुढचा परण्या आहे, सकाळी दहाला. शनिवारच्या गाडीने निघा, गेवराईला मी उभा राहतो. दम मध्येच तुटला तर तुटू द्या, अर्धी जागा तर अर्धी. ती वेळ आली की लोक टोप्या काढतील, हात जोडतील, तुमच्याकडे रागाने बघतील. तुम्ही तिकडे लक्ष देऊ नका. वाजवा.